देवळाचे जुने खांब

आषाढ लागला की आमच्या सिकंदराबादेत, म्हणजे येथील जुन्या लोकांच्या बोलीत 'लष्करात', उज्जयिनी महांकाळीच्या बोनालूची गडबड सुरू होते. कडुनिंबाच्या डहाळ्यांनी सजविलेली मडकी मस्तकावर घेऊन निघालेल्या स्त्रियांची रांग लागते आणि ढोलांचा आवाज आमच्या घरापर्यंत येऊन पोहोचतो. ह्या देवळाची परंपरा अशी सांगतात की, पलटणीत डोली वाहणारा सुरिटी अप्पय्या उज्जैनीस बदलून गेला असता त्याला इकडील पटकीच्या साथीची वार्ता समजली. साथ शमली तर गावी तुझी स्थापना करीन, असा नवस त्याने महाकाळीला केला आणि १८१५ साली परत आल्यावर तो येथे फेडला. त्याने स्थापिलेली ती पहिली मूर्ती लाकडाची होती. पुढे तिच्या जागी दगडाची मूर्ती आली. भक्ती मात्र तीच राहिली.

ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लाकडाचे काय झाले, हा प्रश्न मात्र आमच्या मनात कधी आला नव्हता. तो गेल्या आषाढात आला, आणि तोही एका पावतीपुस्तकामुळे.

आमचे आजोबा निजामाच्या रेल्वेत नोकरीस लागून कोकणातून इकडे आले. तिसऱ्या पिढीत आमचा गावाशी उरलेला संबंध म्हणजे एक कुलाचार, दोन-चार आंब्यांची झाडे आणि वर्षाकाठी येणारे एक पत्र. गेल्या आषाढात त्या पत्रासोबत पावतीपुस्तक आले व पाठोपाठ भ्रमणध्वनीवर एक रंगीत नकाशाही आला. ग्रामदेवतेच्या सभामंडपाचे लाकूड जीर्ण झाले असून तो 'उतरवून' त्या जागी सिमेंट काँक्रीटचा प्रशस्त मंडप व संगमरवरी फरशी करण्याचे ग्रामस्थांनी योजिले आहे, तरी आपण व आपल्या परिचयाच्या मंडळींनी यथाशक्ति साहाय्य करावे, असा मजकूर होता. 'पाडून' हा शब्द लिहिणाराने कटाक्षाने टाळला होता. त्याच्याही मनाला तो टोचला असावा.

वाचकहो, अशी पत्रे आपल्यापैकी अनेकांकडे येत असतील. मुलुख सोडून दूर राहणाऱ्या माणसाला गावच्या देवळासाठी पैसे पाठविण्यात एक विलक्षण समाधान असते. आपण तेथे नसतो, पण आपले नाव तेथील भिंतीवर असते. आमच्या सौभाग्यवतींनी नेहमीप्रमाणे रक्कम किती घालावयाची, एवढेच विचारले. आमची लेखणी मात्र पावतीवर टेकली आणि थांबली.

थांबण्याचे कारण सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी असेच एक पत्र आमच्या आजोळच्या गावाहून आले होते. आम्ही तत्काळ रक्कम पाठविली, येथील चार स्नेह्यांकडूनही मिळविली, आणि नव्या मंडपाच्या उद्‌घाटनास आवर्जून गेलो. संगमरवरी पाटीवर आमचे नाव सातव्या ओळीत होते. दुपारी महाप्रसादाच्या पंगतीपूर्वी पाय मोकळे करावयास म्हणून आम्ही देवळाच्या मागील बाजूस गेलो, तर तेथे चुलवणे पेटलेली होती आणि त्यांच्या शेजारी जुन्या मंडपाचे लाकूड फोडून रचलेले होते. धड असलेले खांब कोणी व्यापारी आधीच घेऊन गेला होता. उरलेल्या ढिगात एक घोडके होते, त्यावर पोपट कोरलेला होता. लहानपणी आईच्या कडेवरून आम्ही त्या पोपटाच्या चोचीला हात लावीत असू. आम्ही काही बोलण्यापूर्वीच आचाऱ्याने ते उचलून चुलीत सारले. त्या लाकडावर शिजलेला भात आम्ही त्या दिवशी जेवलो. गावकऱ्यांना दोष कसा द्यावा? फोडणाराच्या कुऱ्हाडीची मजुरी आम्हीच दिली होती.

या वेळी पैसे पाठविण्यापूर्वी लाकूड पाहून यावे, असे आम्ही ठरविले. पावसाळा उलटल्यावर मार्गशीर्षात निघालो. पुण्यास उतरून ताम्हिणीच्या घाटाने माणगाव आणि तेथून मंडणगडावरून दापोली. इंग्रजांच्या काळी दापोलीस लष्कराची छावणी होती, म्हणून जुने लोक अद्यापही 'कॅम्प दापोली' म्हणतात. एका लष्करातून निघून दुसऱ्या लष्करात आलो, असे आम्ही सौभाग्यवतींना म्हटले, त्यावर त्यांनी आधी चहाची सोय पाहा असे सुचविले. आमचे गाव तेथून फार दूर नाही. पण तेथे जाण्यापूर्वी आम्ही आसूदच्या बाजूने समुद्राकडे उतरून मुरूड गाठले. रायगड जिल्ह्यातील जंजिऱ्याचे मुरूड ते निराळे, हे हर्णैशेजारचे. येथील दुर्गादेवीचे देऊळ आम्हांला प्रथम पाहावयाचे होते. लाकडाचा सभामंडप उभा असतो म्हणजे कसा असतो, ते डोळ्यांत साठवून मग आपल्या गावच्या मंडपासमोर उभे राहावे, असा बेत होता.

माडा-पोफळींच्या सावलीतून गावात शिरावे आणि समुद्राचा आवाज कानी असतानाच ह्या पेशवेकालीन देवळात पाऊल टाकावे. बाहेरच्या उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू खांब उमटू लागतात. कोरीव कामाने भरलेले हे लाकडी खांब म्हणजे ह्या देवळाचे खरे वैभव होय. दगडी देवळात माणूस नकळत दबतो, येथे तसे होत नाही. लाकडाला हात लावला तर ते गार लागत नाही. शेकडो पाठी टेकून खांबाला आलेली झिलई पाहिली की, देवाच्या घरापेक्षा आपल्याच वाड्याच्या ओटीवर आल्यासारखे वाटते.

ह्या मंडपात बसले असता धोंडो केशव कर्वे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे, आजोळी, त्यांचा जन्म झाला. पण ते वाढले मुरूडात. लहानपणी ते ह्याच देवळात वडीलधाऱ्यांना पोथ्या वाचून दाखवीत, आणि पुढे सोमण मास्तरांच्या प्रेरणेने गावकऱ्यांना वर्तमानपत्रेही वाचून दाखवू लागले. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. रेल्वे नाही, धड रस्ता नाही, अशा समुद्रकाठच्या गावात जगाची वार्ता एका मुलाच्या तोंडून, लाकडी खांबांच्या मधोमध, देवीसमोर ऐकली जात होती. देऊळ हेच वाचनालय होते. सहावीच्या परीक्षेसाठी हाच मुलगा शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्यास गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही, ही हकीकत आपल्या घरोघरी मुलांना सांगितली जाते.

परंतु गावाची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी विवाह केला आणि पत्नीसह ते मुरूडास आले, तेव्हा ह्याच गावाने त्यांना वाळीत टाकले. पोथी वाचणाऱ्या मुलाला जवळ बसविणारी माणसे त्यांच्यापासून दूर सरली. असे असूनही कर्व्यांचा गावावरील लोभ सुटला नाही. मुंबईस असताना गावाच्या सार्वजनिक कामासाठी त्यांनी उभा केलेला 'मुरूड फंड' प्रसिद्ध आहे. बाहेरगावी मिळविणाऱ्यांनी आपल्या मिळकतीचा अंश गावाकडे पाठवावा, अशी ती कल्पना. म्हणजे आमच्या हातातील पावतीपुस्तकाचे हे एक पूर्वजच म्हणावयाचे! ज्या गावाने त्यांना दूर लोटले होते, त्याच गावात आज त्यांचे स्मारक आहे. माणसांची मते बदलतात, आणि ती बदलेपर्यंत वास्तू उभी राहिली तर पुढच्या पिढीला दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आठवता येतात. वास्तू राखावयाची ती एवढ्याचसाठी, असे आम्हांला वाटते.

आता कोणी म्हणेल की, लाकूड ते लाकूड, ते किती दिवस टिकणार? हा प्रश्न रास्त आहे. मुरूडहून उत्तरेस आंजर्ल्याच्या टेकडीवर कड्यावरचा गणपती आहे. मूळचे देऊळ बाराव्या शतकातील व लाकडी बांधणीचे होते असे सांगतात. आज दिसते ते शिखरांचे पांढरे शुभ्र देऊळ १७६८ ते १७८० ह्या काळात उभे राहिले. म्हणजे लाकूड सोडून चुना व दगड घेण्याचा मोह आपल्या पूर्वजांनाही झालाच होता. फरक एवढाच की, त्यांनी जे नवे केले तेही तितक्याच हौसेने व हुन्नराने केले, म्हणून अडीचशे वर्षांनी आपण ते पाहावयास जातो.

शिवाय कोकणचे हवामान लाकडाचे मित्र नव्हे. चार महिने कोसळणारा पाऊस, समुद्रावरून येणारी खारी दमट हवा आणि बाराही महिने जागी असलेली वाळवी! त्यात ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ ह्या किनाऱ्यावर आदळले. मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी ह्या पट्ट्यातील माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांची छपरे उडाली. कौले उडाली तसे पत्रेही उडाले. अग्नीचे भय तर निराळेच. २०२२ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, आमच्या सिकंदराबाद क्लबाची जुनी वास्तू एका रात्रीत जळून गेली. आयुष्यभर ज्या इमारतीवरून आम्ही ये-जा केली, तिच्या जागी सकाळी काळा सांगाडा उभा होता.

असे असूनही लाकूड टिकते, आणि ते कसे टिकते हे जगाने पाहिलेले आहे. नॉर्वे देशात पाऊस आणि बर्फ ह्यांना तोटा नाही. तेथे बाराव्या शतकाच्या आसपास बांधलेली लाकडी प्रार्थनामंदिरे अद्याप उभी आहेत. मूळच्या शेकडोंपैकी आता अठ्ठावीस उरली आहेत, आणि त्यांतील उर्नेस येथील मंदिर १९७९ पासून जागतिक वारसा म्हणून गणले जाते. त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य मोठे सोपे आहे. त्याहून जुनी मंदिरे खांब जमिनीत पुरून बांधीत, त्यामुळे खांबांचे बूड कुजून ती गेली. पुढे तेथील सुतारांनी दगडाच्या पायावर आडवी तुळई ठेवून तिच्यावर खांब उभे केले, आणि मंदिरे आठ-नऊ शतके जगली. लाकडावर वरचेवर डांबराचा हात देण्याची त्यांची रीत आहे. बर्गेन ह्या समुद्रकाठच्या शहरातील असे एक मंदिर १९९२ साली जाळण्यात आले, तेव्हा लोकांनी काँक्रीटचा विचार केला नाही. पुन्हा लाकूड आणून, जुन्या मापांनी, पाच वर्षांत त्यांनी ते उभे केले. जपानातील इसे येथील देवस्थानाची तर आणखी एक तऱ्हा आहे. तेथे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नवे लाकडी देऊळ बांधतात. २०१३ मध्ये ते बासष्टाव्या वेळी झाले, पुढचे २०३३ मध्ये व्हावयाचे आहे. त्यामुळे लाकूड नवे असले तरी सुताराची विद्या जुनीच राहते, कारण प्रत्येक पिढीला ती एकदा तरी हाताखालून घालावी लागते.

हे सारे पुस्तकी ज्ञान बरोबर घेऊन आम्ही आपल्या गावी पोहोचलो. तेथे आमची गाठ एका वृद्ध सुतारबाबांशी पडली. त्यांच्या घराण्याने मंडपाची दुरुस्ती आजवर सांभाळलेली. त्यांनी उत्तरे दिली नाहीत. एक लहानशी हातोडी घेऊन ते खांबाखांबाशी गेले आणि बुडापासून वरपर्यंत ठोकून कान लावीत राहिले. आमच्या मंडपास सोळा खांब आहेत. तेरांचा आवाज भरीव निघाला, तिघांचा पोकळ, आणि तोही केवळ हातभर उंचीपर्यंत.

"खांब मेलेला नाय," ते म्हणाले, "पाय मेलाय. पाय बदलता येतो."

मग त्यांनी आम्हांला दाखविले की, आमच्याही मंडपाचे खांब जमिनीत गेलेलेच नाहीत. प्रत्येकाखाली दगडी तळखडा आहे, म्हणजे नॉर्वेच्या सुतारांनी जे ओळखले ते आमच्या सुतारांनीही ओळखलेच होते. चूक नंतरची. काही वर्षांपूर्वी कोणा दात्याच्या देणगीतून मंडपात फरशी बसविली, तेव्हा जमिनीची पातळी वाढून तीन तळखडे सिमेंटखाली गाडले गेले. पाणी तेथे साचू लागले, ओल लाकडात चढली आणि तिच्या मागोमाग वाळवी. खिळा न मारता, साळ आणि खाच बसवून, लाकडी खुंटीने आवळलेले सांधे मात्र ताठ होते. कुजका भाग कापून त्या जागी मुरलेल्या लाकडाचा तुकडा सांधावयाचा, फरशी खांबांभोवती फोडून तळखडे मोकळे करावयाचे, छपराची कौले परतावयाची, आणि दर उन्हाळ्यात लाकडाला तेल द्यावयाचे. एवढेच काम. खर्च विचारला, तो पत्रातील अंदाजाच्या दशांशही नव्हता.

रात्री ग्रामस्थांची बैठक झाली. आम्ही कर्वे सांगितले, नॉर्वे सांगितला, जपान सांगितला. मंडळी शांतपणे ऐकत होती. शेवटी समितीचा चिटणीस, आमच्या पुतण्याच्या वयाचा मुलगा, नम्रपणे म्हणाला, "काका, तुमचं सगळं खरं. पण तुम्ही येता मार्गशीर्षात. पावसाच्या आधी छपरावर कोण चढणार? गावात चाळीस घरं, त्यांतली बावीस बंद. तरणी पोरं मुंबईला. सुतारबाबांचा मुलगा रिक्षा चालवतो. काँक्रीटला एकदा पैसे लागतात, लाकडाला दरवर्षी माणूस लागतो. पैसे तुम्ही पाठवाल, माणूस कुठून पाठवाल?"

ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगावयाचे तर त्या बंद बावीस घरांतील एक आमचेच होते.

सिकंदराबादेस परतताना गाडीत हाच विचार घोळत राहिला. लाकडी देऊळ पाडतो तो अज्ञानी, असे आपण दूर बसून सहज म्हणतो. वस्तुतः दगड आणि काँक्रीट ही सोडून गेलेल्या माणसांची सोय आहे. एकदा करून टाकावे आणि मग विसरावे. लाकूड विसरू देत नाही. त्याला तेल हवे, धूर हवा, पाठ टेकणारी माणसे हवीत, वर्षातून एकदा छपरावर चढणारे कोणी हवे. जेथे माणसे नांदतात तेथेच ते जगते. मुरूडच्या मंडपात पोथी वाचणारा मुलगा आणि ती ऐकणारे वृद्ध होते, तेव्हा त्या खांबांना वेगळे राखणदार ठेवावे लागले नाहीत.

आम्ही समितीला पत्र लिहिले. नव्या मंडपासाठी आमची वर्गणी धरू नये. तीन खांबांच्या दुरुस्तीचा सर्व खर्च आम्ही व आमचे येथील दोन भाऊबंद मिळून देऊ. सुतारबाबांच्या हाताखाली शिकावयास जो मुलगा तयार होईल त्याची दोन वर्षांची मजुरी देऊ. आणि दर वैशाखात, पाऊस येण्यापूर्वी, आमच्या तीन घरांतून आळीपाळीने दोन माणसे आठ दिवसांसाठी येतील. छपरावर आम्ही ह्या वयात चढणार नाही, पण खाली उभे राहून कौले तरी हातोहात देऊ. आमच्या घराचे कुलूप काढून ते झाडूनही घेऊ. पत्रावर सह्या करताना धाकट्या भावाने, जो येथे कारखान्यात अधिकारी आहे, रजा मिळेल की नाही अशी शंका काढली. त्याच्या मुलाने मात्र आपण जाऊ म्हणून सांगितले. ह्या मुलाला मराठी वाचता येते, लिहिताना अडखळते, आणि कोकण त्याने केवळ छायाचित्रांत पाहिलेले आहे.

समितीचे उत्तर यावयास दोन महिने लागले. नव्या मंडपाचा ठराव रद्द झालेला नाही, दोन वर्षांपुरता तहकूब झाला आहे. जमलेली रक्कम बँकेत राहील. संगमरवरी फरशीचा आग्रह काही दात्यांनी सोडलेला नाही. दोन वर्षे आपली माणसे खरोखर येतात की नाही, ते पाहून पुढे ठरवू, असे चिटणिसाने स्पष्ट लिहिले आहे. त्याचा आम्हांला राग आला नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर ह्याहून वेगळे लिहिले नसते.

वाचकहो, आपल्याकडेही असे पावतीपुस्तक येईल, तेव्हा देणगी अवश्य द्या. देवाच्या कामास नाही म्हणू नये, असेच आपल्याला शिकविलेले आहे. पण पावती फाडण्यापूर्वी एकदा विचारा की, जुने लाकूड किती आहे, ते ठोकून कोणी पाहिले काय, आणि काढले तर ते जाणार कोठे? शक्य तर स्वतः जाऊन पाहा. कदाचित आपल्याही गावी सोळांपैकी तेराच खांब धड निघतील, कदाचित चारच निघतील आणि नवे बांधणे भागच असेल. तसे असेल तर नवे जरूर बांधावे. मात्र निदान एखादे घोडके, एखादा पोपट, देवळातच कोठे तरी लावून ठेवण्यास सांगावे.

परवा पहिल्या दुरुस्तीची पावती टपालाने आली. बारा वर्षांपूर्वीच्या पावतीवर 'सभामंडप बांधकाम' असे छापलेले होते. ह्या पावतीवर छापील मजकूर खोडून चिटणिसाने हाताने लिहिले आहे, 'खांबांचे पाय, नग तीन'. आणि खाली बारीक अक्षरांत, 'वैशाखात कोण येणार ते कळवावे.'

पुतण्याचे तिकीट काढलेले आहे. दुसरे आमचे.